सुईनंतरची वीस मिनिटं

माझे सासरे बसवंतअप्पा गेली अकरा वर्षं एकाच क्रमाने जगत आहेत. आंघोळ, सुई, पूजा, जेवण. सुई म्हणजे इन्सुलिन. औशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुई घेतल्यावर वीस मिनिटांनी खायचं. अप्पांची लिंगपूजा बरोबर वीस मिनिटं चालते. त्यामुळे सुई टोचून ते पूजेला बसतात आणि भस्म पुसेपर्यंत सासूबाईंनी ताट वाढलेलं असतं. विज्ञान आणि धर्म यांचा मेळ घालण्यावर मी दोन परिसंवाद ऐकलेत. तिथे कुणालाही हे सुचलं नव्हतं.

या व्यवस्थेत एकच अडचण होती. पूजा झाली नाही तर अप्पा पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि सुई मात्र आधीच टोचलेली असते.

आमच्या लिंगायत ज्येष्ठ मंडळाने 'एक दिवस नांदेड दर्शन' ही सहल काढली. नियम असा होता की प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्यामागे एक धडधाकट माणूस हवा. माझी बायको शिल्पा येऊ शकत नव्हती, कारण मुलगी सृष्टी नीटच्या परीक्षेला बसणार होती, आणि लातुरात अशा घरातली आई वर्षभर गाव सोडत नाही. उरलो मी. वय बावन्न, गॅसेसचा त्रास, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. धडधाकट या शब्दाची व्याख्या मंडळाने सैल ठेवली होती.

पहाटे चारला बस निघाली आणि आठच्या आत आम्ही गोदावरीच्या घाटावर होतो. गाईड रविकांत तिथेच भेटला. तिशीचा पोरगा, हातात माइक, गळ्यात शिट्टी. तो प्रत्येक जागेला पॉइंट म्हणायचा.

"हा आपला पहिला पॉइंट, नगीना घाट. स्नानासाठी पंचवीस मिनिटं. गळ्यातलं, कानातलं विश्वासू माणसाकडं द्या. नदीत गेलेलं परत येत नाही, आणि मी पोहत नाही."

अप्पांच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी असते. ती ते अंगावेगळी करत नाहीत. पण सासूबाईंनी, म्हणजे जगदेवीमामींनी, तीर्थाला जायचं म्हणून आदल्या दिवशी तिला नवा दोरा ओवला होता, आणि नव्या दोऱ्याची गाठ ओली झाली की सरकते. मंडळाचे अध्यक्ष वीरण्णा यांचं लिंग असंच एकदा तळ्यात गेलं होतं. स्वामींनी दुसरं लिंग देईपर्यंत ते दोन दिवस अन्नपाण्याशिवाय बसले होते. नंतर दीड महिना लाजेपोटी त्यांनी उदगीरच्या दुकानाचं अर्धंच शटर उघडलं.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "लिंग खाली ठेवता येत न्हाई. लिंगवाल्याच्याच अंगावर पायजे. तुमच्या गळ्यात घाला जरा."

मी मान पुढे केली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या गळ्यातही तशीच डबी होती. लग्नात अप्पांनीच एका सोनाराकडून दोन सारख्या घडवल्या होत्या, एक स्वतःला, एक मला. काल मामींनी माझ्या डबीलाही त्याच रिळातला दोरा ओवला होता. फरक एवढाच की माझ्या डबीत लिंग नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी पाठीच्या एमआरआयसाठी मी ते उतरवलं, शिल्पाने देव्हाऱ्यात ठेवलं, आणि परत घालायचं राहून गेलं. नास्तिक व्हायला वाचन लागतं, वाद घालावे लागतात. मी तेवढे कष्ट घेतले नाहीत. माझं नुसतं राहून गेलं. सासरच्या माणसांसमोर जायचं असलं की मी डबी घालायचो, आणि ती रिकामी वाजू नये म्हणून आत कापूस, एक जुनी चावी आणि गॅसच्या तीन गोळ्या ठेवायचो. माझं नाव पंचाक्षरी आहे. आईवडिलांनी फार विश्वासाने ठेवलेलं असणार.

अप्पा नदीतून वर आले. रविकांतची शिट्टी वाजत होती. "नऊ मिनिटं लेट आहोत आपण, पुढचा पॉइंट नाष्टा." अप्पांनी ओला हात पुढे केला, मी शर्टात हात घालून एक डबी काढली आणि त्यांना दिली. मला वाटलं, बरोबर दिली.

धर्मशाळेच्या ओवरीत अप्पांनी पोटाला सुई टोचली, कोपऱ्यात घोंगडीचा तुकडा अंथरला आणि आमच्याकडे पाठ करून पूजेला बसले. त्यांची पाठ वीस मिनिटं हलली नाही. इकडे मी पोहे आणि मिरचीची चार भजी खाल्ली. ते उठून आले तेव्हा कपाळावर भस्म होतं. मामींनी पोह्याची बशी पुढे केली.

"नगं."

"कामून?"

"पोट भरल्यावानी वाटून राहिलंय. थोड्या वेळानं खातो."

"सुई घेतली का?"

"घेतली."

"पूजा झाली का?"

"झाली," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता बसकडे चालू लागले. मामींनी पोहे कागदात बांधले, म्हणाल्या, "नदीची हवा लागली," आणि त्यांच्या मागे गेल्या.

दुसरा पॉइंट गुरुद्वारा. चपला जमा करायच्या रांगेत भज्यांनी आपलं काम सुरू केलं. मी शर्टाची वरची दोन बटणं काढली, डबी उघडली आणि गोळीसाठी बोट घातलं. बोटाला गोळी लागली नाही. गुळगुळीत काहीतरी लागलं. कापसाऐवजी भस्म लागलेला मऊ कपडा होता, आणि त्यात काळंभोर इष्टलिंग.

मी डबी मिटली. मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, चप्पल द्या की." मी चप्पल दिली. टोकन घेतलं. डोक्याला रुमाल बांधला. माणूस घाबरला की सगळं फार नीट करतो.

हिशेब सोपा होता. अप्पांच्या गळ्यात माझी डबी, म्हणजे ओवरीत त्यांनी ती उघडली तेव्हा आत चावी आणि गोळ्या होत्या. म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि तरी ते वीस मिनिटं बसून राहिले, आणि उठून बायकोला म्हणाले, झाली. खोटं बोलायचं नाही म्हणून औशाच्या आडतीत ज्यांनी भागीदार सोडला, ते अप्पा.

घड्याळात साडेनऊ. सुई पावणेनऊची. सुई घेऊन न खाणाऱ्याचं काय होतं हे मला शिल्पाने निघताना दोनदा सांगितलं होतं. साखर उतरते. आधी घाम येतो, हात कापतात, मग माणूस भलतंच बोलतो, मग बोलत नाही.

मी गर्दीतून अप्पांपर्यंत पोचलो. "अप्पा, जरा बाजूला येता का?"

"दर्शन होऊ द्या," ते म्हणाले. त्यांच्या एका बाजूला मामी आणि दुसऱ्या बाजूला वीरण्णा होते. वीरण्णा मला म्हणाले, "सर, तुम्ही अर्थशास्त्रवाले. एवढं लंगर रोज फुकट कसं परवडतं हो यांना? आमचं मंडळ वर्षाला एक सहल काढतं तर तोंडाला फेस येतो."

दर्शन झालं. बाहेर पडताना प्रत्येकाच्या ओंजळीत कडाप्रसाद पडत होता. गरम, तुपाने चमकणारा, साखरेने जड. या क्षणी अप्पांना औषधाच्या दुकानातही याहून चांगलं काही मिळालं नसतं. अप्पांनी दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि चार पावलं चालून माझ्यासमोर उभे राहिले.

"धरा," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रसाद टाकता येत न्हाई. तुम्ही खा. तुम्हाला चालतं."

मी ओंजळ पुढे केली. त्यांचा आणि माझा असा दोघांचा प्रसाद मी उभ्याने खाल्ला. मामी कौतुकाने म्हणाल्या, "सरांना गोड लई आवडतं."

बसमध्ये मला त्यांच्याशेजारी बसायचं होतं, पण तिथे वीरण्णा बसले. मी मागच्या सीटवरून अप्पांच्या मानेकडे पाहत राहिलो. मानेवर घाम होता. बसमध्ये एसी चालू होता.

खरं सांगायचं तर तिथेच सगळ्यांसमोर उभं राहून म्हणता आलं असतं, अप्पा, डब्या बदलल्यात. पाच शब्दसुद्धा लागत नाहीत. पण त्यानंतर चाळीस माणसं विचारणार, मग दुसऱ्या डबीत काय आहे, दाखवा. आणि अप्पांना ती डबी त्यांच्या आयुष्यभराच्या गिऱ्हाइकांसमोर उघडावी लागली असती. मी स्वतःला समजावलं की मी त्यांच्या अब्रूसाठी गप्प आहे. हे समजावणं किल्ला येईपर्यंत पुरलं.

"तिसरा पॉइंट, नंदगिरी किल्ला," रविकांत माइकमध्ये म्हणाला. "तिन्ही बाजूंनी गोदावरी. शत्रूला आत येणं अवघड होतं. आपल्याला सोपं आहे, गेट उघडं आहे. पायऱ्या सांभाळून."

अप्पा सात पायऱ्या चढले आणि आठव्या पायरीवर बसले. मामींना म्हणाले, "तू जा पुढं. मी नदी बघतो."

"मीबी बसते."

"तू जा म्हणलं ना."

त्यांचा हा सूर मामींनी फार क्वचित ऐकला असावा. त्या माझ्याकडे बघत पुढे गेल्या. वीरण्णा थांबायच्या बेतात होते, त्यांना मी म्हणालो, "अध्यक्ष, गाईड काहीतरी चुकीचं सांगतोय." ते लगेच गेले.

खाली गोदावरी होती. एक माणूस काठावर म्हैस धूत होता. मी अप्पांच्या शेजारी बसलो आणि गळ्यातून डबी काढली.

"अप्पा, अदलाबदल झाली."

"म्हाईत हाय." त्यांनीही आपल्या गळ्यातली काढली, झाकण उघडलं. बोटं कापत होती. "ही चावी कशाची?"

"स्कूटरची."

"कोणती? ती निळी?"

"हो. विकली ती. दोन हजार बारामध्ये."

"मंग चावी कामून ठिवली?"

"डबी रिकामी वाजू नये म्हणून."

अप्पांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने भाव कमी करायला दिलेलं कारण पटल्यासारखी. "वीस मिनिटं बसलो हिच्यासमोर. उठलो असतो तर जगदेवीनं इचारलं असतं. वीरण्णानं इचारलं असतं. म्हणून बसलो. डोळे मिटून घेतले, तरी चावीच दिसून राहिली." मग म्हणाले, "किती वर्षं?"

"सतरा."

"माझं दोन तास तुमच्या गळ्यात व्हतं. जड न्हाई लागलं?"

"नाही."

"न्हाईच लागणार."

त्यांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळून भुवईत आलं होतं. मी म्हणालो, "अप्पा, हे सगळं नंतर बोला. शिव्या द्या. आधी हे घ्या आणि काहीतरी खा."

"पूजेबगर?"

"मग पूजा करा. पण थोडक्यात करा."

"थोडक्यात तुम्ही केलीच की सतरा वर्षं," अप्पा म्हणाले. आवाज जीभ सुजल्यासारखा जड झाला होता. मग त्यांनी नदीकडे पाहून विचारलं, "गाड्या उतरल्या का? तुरीच्या?"

"कोणत्या गाड्या, अप्पा?"

"वीरण्णाला म्हणावं, ओली तूर घिऊ नका."

आडत बंद करून त्यांना नऊ वर्षं झाली होती.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती आणि मामींची पिशवी पायरीवर होती. तीत शेंगांची पोळी होती, खडीसाखर होती. बोटाने थोडी साखर ओठांच्या आत सारली असती तर काम झालं असतं. त्यांना कळलंही नसतं. मी खडीसाखरेचा खडा काढला आणि त्यांच्या तोंडाजवळ नेला. अप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. तुरीच्या गाड्यांमध्ये हरवलेल्या माणसाला एवढं मात्र नेमकं कळत होतं.

मी डबी उघडली, कपडा बाजूला केला आणि म्हणालो, "अप्पा, लिंग घ्या."

या शब्दावर ते परत आले. डावा तळहात पुढे झाला. आमच्याकडे लिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरतात. पण हात असा कापत होता की त्यावर बोरही टिकलं नसतं.

"पडंल," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "नदीत जाईल. धरा."

मी हात पुढे केला.

"हात धुवा आधी. भजी खाल्ल्यात."

मी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. मग त्यांच्या हाताखाली माझा डावा हात धरला, उजव्या हाताने लिंग त्यांच्या तळव्यावर ठेवलं, आणि त्याच हाताने त्यांचं मनगट आवळलं. त्यांनी पाण्याचे थेंब सोडले, ते माझ्या बाहीत गेले. भस्म लावायला बोट नेलं, ते दोनदा चुकून माझ्या अंगठ्याला लागलं. ओठ हलत होते. मला मंत्र येत होता, माझं नावच तो आहे, पण मी म्हटला नाही. म्हटला असता तर ती आणखी एक चावी झाली असती. मी घड्याळाकडे बघत होतो. वर रविकांतचा माइक म्हणत होता, "इथून शत्रू दिसला की तोफ. फोटोला तीन मिनिटं."

पूजा चार मिनिटं चालली असेल. अप्पांनी लिंग कपाळाला लावलं, कपड्यात गुंडाळलं, आणि डबीचं झाकण मी लावलं, कारण ते त्यांना लागेना. मग त्यांनी तोंड उघडलं. मी खडीसाखर घातली, एक, दोन, मूठभर. नंतर शेंगांच्या पोळीचे तुकडे करून भरवले. ते आज्ञाधारकपणे चावत राहिले.

मामी आल्या तेव्हा अर्धी पोळी संपली होती. त्यांनी अप्पांचा चेहरा बघितला, पायरीवरचं सांडलेलं पाणी बघितलं, माझ्या अंगठ्यावरचं भस्म बघितलं.

"पूजा आत्ता केली?"

"सकाळी नीट झाली न्हाई," अप्पा म्हणाले.

"मंग सकाळी झाली म्हणून सांगितलं ते?"

अप्पा चावत राहिले. मामी माझ्याकडे वळल्या. मी बाटलीचं बूच लावायला घेतलं. ते आधीच लावलेलं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि अप्पांचा घाम पदराने पुसला. त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

सहल काही थांबली नाही. चौथा पॉइंट झाला, जेवणाचा पॉइंट झाला. अप्पा नेहमीसारखे दोन भाकरी जेवले. वीरण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "बसवंतअप्पा, सकाळी तुम्ही लईच उतरल्यावानी दिसत व्हता. आता साकु, बास करा, पोट फुटंल." अप्पा हसले. ते सगळ्यांशी हसत होते. माझ्याशीही हसत होते, बँकेतल्या माणसाशी हसतात तसे.

पाचच्या सुमाराला विष्णुपुरी. काळेश्वराचं दर्शन घेऊन माणसं पाण्याकडच्या पायऱ्यांवर पांगली. धरणाचं पाणी पार लांबपर्यंत पसरलेलं. अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. सकाळपासून पहिल्यांदा आपणहून.

"एक इचारतो. शिल्पाला ठाव हाय का हे?"

सतरा वर्षं दर सोमवारी शिल्पा देव्हाऱ्यातल्या माझ्या लिंगाला बेल वाहते. आज सोमवारच होता. माझ्या डबीतला कापूसही तीच बदलते, कापूस जुना झाला की चावी खडखडते म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "तिला काही माहीत नाही."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं."

त्यांचे खांदे सैल झाले. "मंग सांगू नका. आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या. तिला म्या लहानपणापासून शिकवलं, ज्या घरात माणसाच्या अंगावर लिंग नसल त्या घरचं पाणी पिऊ नये. तिला लई लागंल."

मी होकार दिला. पाण्यावर दोन पाणकोंबड्या होत्या. त्यांच्याकडे बघत बसणं बरं वाटत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शिल्पाच होती. मी उचलायच्या आत अप्पांनी हात पुढे केला. "द्या, मी बोलतो."

"अप्पा, जेवलात का वेळेवर?" तिचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

"जेवलो की. तब्येत झकास. पोरगी अभ्यास करती का?"

"करतेय. सुई वेळेवर घेतली ना? पूजा झाली?"

"झाली," अप्पा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं. "दोघांचीबी झाली. जावईबापू आन् मी, नदीवर संगं बसून केली. त्यांनी आपलं लिंग घेतलं, म्या माझं घेतलं. लई समाधान वाटलं बघ."

फोनमधून काही आलं नाही. मागे देव्हाऱ्याजवळचं घड्याळ टिकटिकत असणार, तेही ऐकू आलं नाही.

"शिल्पा," अप्पा म्हणाले. "ऐकून राहिली न्हवं?"



अप्पांनी फोन कानापासून लांब धरला, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि परत कानाला लावला. मग हळूहळू खाली घेतला आणि माझ्या हातात दिला.

"रेंज न्हाई वाटतं हितं," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

मी पडद्याकडे पाहिलं. रेंज पूर्ण होती, आणि सेकंद पुढे जात होते. मी फोन कानाला लावला. पलीकडे शिल्पाचा श्वास ऐकू येत होता. तिला माझाही येत असावा.